भासऱ्यांनी सजवलेली माझी गाडी

माझ्या वडिलांची गाडी माझ्या डोळ्यांदेखत कापली गेली आणि मला ब्र काढता आला नाही. कापणारे माझे भासरे होते. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. बुऱ्हाणपुरात आमच्या घरी रीत अशी, की भासऱ्यासमोर सुनेनं पदर नाकापर्यंत ओढायचा आणि त्यांच्याशी एक अक्षर बोलायचं नाही. त्यांनीही तिच्याशी बोलायचं नाही. मी रावेरची. रावेर इथून असं कितीसं लांब, पण माझ्या माहेरी असलं काही नव्हतं. आमच्याकडे बायका कुणाशीही भांडत.

बोलायचंच झालं तर मध्ये माणूस लागे. म्हणजे मी सासूबाईंना म्हणायचं, 'आई, त्यांना म्हणावं पाणी तापलंय.' भासरे तिथंच, हातभर अंतरावर पंचा घेऊन उभे. सासूबाई मान वळवून सांगत, 'पाणी तापलंय म्हणते.' ते म्हणत, 'तिला म्हणावं येतो.' मध्ये कुणीच नसेल तर भिंतीला सांगायचं. भिंतीकडून उत्तरही येई. घरात शिरताना ते उंबऱ्याबाहेरच मोठ्यांदा खाकरत, म्हणजे आम्ही दोघी जावांनी पदर सावरून घ्यावेत. मला त्या खाकरण्याचा एवढा संताप यायचा की बोलायची सोय नाही. आणि मनातल्या मनात मी त्यांना शिव्या देई त्याही मेल्या अहोजाहोच्या. इतकी मुरली होती ती रीत माझ्यात.

आता गाडीचं सांगते. वडील रावेरला मोटारी दुरुस्त करायचे. संस्थानं विलीन होत होती तेव्हाची गोष्ट. एका लहानशा संस्थानाचा मोटारखाना मोडीत निघाला आणि त्यातली एक पिकअप वडिलांनी उचलली. पुढे दोघा-तिघांची केबिन, मागे उघडा हौदा. राजेसाहेब शिकारीला निघाले की ही बिचारी मागून तंबू, खाटा आणि हंडे घेऊन धूळ खात जायची. आमच्याकडे आली तेव्हाच तिचं वय झालेलं. वडिलांनी इंजन खोललं, धुतलं, पुन्हा बांधलं आणि तिला बोलतं केलं. मी एकुलती एक. गाडी ढकलायची तर आत स्टेअरिंगवर कुणीतरी बसायला हवं, ते कुणीतरी म्हणजे मी. तशीच बसता बसता चालवायला शिकले. हँडल मारताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवायचा, नाहीतर उलटा झटका बसून मनगट मोडतं, हे मला चुलीवर दूध ऊतू जाऊ द्यायचं नाही हे कळायच्या आधी कळलं.

तिची एक खोड होती. उतारावर, मागे वजन असलं की ती दुसरा गिअर सोडून द्यायची. दांडी आपसूक मधे यायची आणि गाडी मोकळी सुटायची. वडिलांनी पुष्कळ खटपट केली, पण आतला तो भाग कुठे मिळेना. मग त्यांनी मला सांगून ठेवलं, की उतार आला की आधी दुसऱ्यात टाकायची आणि डावा गुडघा दांडीला टेकवून ती दाबून धरायची. उतार संपेपर्यंत गुडघा काढायचा नाही. एवढं केलं की गाडी शहाण्यासारखी उतरते.

लग्न होऊन मी बुऱ्हाणपूरला आले आणि पुढे वडील वारले. आई आधीच गेली होती. माहेरचं म्हणून मला जे मिळालं ते ही गाडी. वडिलांचा मदतनीस ती चालवत घेऊन आला, मी शेजारी बसून. मला वाटलं होतं, आपण दोघं नवराबायको सुट्टीत हिच्यातून कुठंतरी जाऊ. डोंगरात जाऊ, झाडाखाली चूल मांडू, हौद्यात झोपू. लग्नाआधी वडिलांबरोबर मी हे केलं होतं आणि त्याइतकं सुखाचं मला आयुष्यात दुसरं काही ठाऊक नव्हतं. गाडी अंगणात उभी राहिली. भासऱ्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, चावी काढून घेतली आणि ओसरीवरच्या आपल्या खुंटीला अडकवली. सासूबाईंना म्हणाले, 'तिला म्हणावं, गाडी घरची झाली.'

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. रात्री नवऱ्याला म्हटलं, 'तुम्ही सांगा ना, ती माझी आहे.' माझा नवरा तहसील कचेरीत कारकून. स्वभावानं गरीब, म्हणजे भांडण दिसलं की चपला शोधणारा. तो म्हणाला, 'दादापुढे मी कधी बोललोय का? वापरू दे न. गाडी कुठं पळून चालली?'

गाडी पळून गेली असती तर बरं झालं असतं.

भासऱ्यांची कापसाची अडत होती. माणूस हुशार, यात वाद नाही, पण आपल्याला सगळंच येतं असं समजणारा. राज्याची फेररचना व्हायची होती. आपण मुंबईकडे जाणार की भोपाळकडे, याचा काथ्याकूट ओसरीवर रोज चाले आणि रोज शेवटचा शब्द भासऱ्यांचा. ते भोपाळकडचे. आल्यागेल्याशी हिंदीतच बोलत, आणि मी रावेरची म्हणून माझ्या कानावर पडेल अशा बेतानं मुंबईकडच्यांना नावं ठेवत. त्यातच त्यांना शिकारीच्या मुक्कामाची हौस लागली. राजे गेले आणि राजांच्या हौसा दलालांना लागल्या, असंच झालं होतं तेव्हा. दोन व्यापारी दोस्त घ्यायचे, बंदूक घ्यायची, धूलकोटच्या पुढे जंगलात जाऊन राहायचं. मारलं तर एखादं तितर मारायचे. पण थाट असा की वाघ थोडक्यात निसटला.

त्या थाटासाठी माझी गाडी कापायला घेतली.

शनवारा मोहल्ल्यातला लोहार अंगणात आणून बसवला. पहिल्यांदा हौद्याच्या दोन्ही फळ्या करवतीनं कापल्या, कारण खाटा आडव्या बसेनात. मग लोखंडी पट्ट्यांच्या दोन खाटा केल्या, नवारीनं विणल्या आणि बिजागरीवर बसवल्या. दिवसा त्या बाजूला उचलून लावायच्या, झोपायच्या वेळी खाली पाडायच्या. त्यावर लोखंडी कमानी आणि कमानींवर ताडपत्री. हौद्याच्या मागच्या उघडत्या फाळक्याला साखळ्या लावून तो आडवा राहील असा केला, म्हणजे त्यावर स्टोव्ह ठेवून चहा करता येईल. त्याच्या बाजूला पत्र्याचं फडताळ, त्यात पितळी डबे. नाल्यातून जाताना पाणी शिरू नये म्हणून धूर सोडायचा पाइप वाकवून केबिनच्या वर नेला. गाडी उंच व्हावी म्हणून मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगांत जादा पाटे घातले. केबिनच्या टपावर शिकारीचा मोठा दिवा बसवला आणि तो लावण्यासाठी टपाला भोक पाडलं. पावसाळ्यात त्या भोकातून पाणी गळायचं ते बसणाऱ्याच्या मांडीवर.

मी स्वयंपाकघराच्या जाळीतून हे सगळं बघत होते. प्रत्येक ठोका मला लागत होता. खरं सांगायचं तर त्यातलं काही चांगलंही होतं. खाटा चांगल्या होत्या, फाळक्याची युक्ती तर फारच चांगली होती, माझ्या वडिलांना आवडली असती. पण म्हणूनच जास्त चीड येत होती. हे सगळं मला करायचं होतं, माझ्या गाडीला, माझ्या मनानं. आणि मी पोळ्या लाटत होते.

मग त्यांनी टाकी आणली. पाण्याची, जाड पत्र्याची, एवढी मोठी की दोन गड्यांना उचलेना. ती त्यांनी हौद्याच्या अगदी शेवटाला बसवली, मागच्या चाकांच्याही मागे, कारण तिथून नळ काढणं सोपं. टाकी भरली तसं गाडीचं नाक वर झालं. कुणाही मोटारवाल्याला कळलं असतं, की एवढं वजन चाकांच्या मागे टाकायचं नसतं, पुढे केबिनला चिकटून टाकायचं. मला राहवलं नाही. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. म्हटलं, 'आई, त्यांना म्हणावं, टाकी पुढे घ्या. मागे ठेवली तर उतारावर गाडी आवरणार नाही.'

भासरे तिथं पायरीवर बसले होते. सगळं ऐकलं त्यांनी. सासूबाईंनी मान वळवायच्या आतच म्हणाले, 'तिला म्हणावं, गाडीचं मी बघतो. तिनं पोळ्यांचं बघावं.' आणि लोहाराला सांगून टाकीला आणखी दोन बोल्ट मारले.

दिवाळीपर्यंत ते दोन-तीनदा जाऊन आले. आम्ही बायकांनी दशम्या, चटण्या, लाडू बांधून द्यायचे आणि त्यांनी जायचं. येताना टाकी रिकामी, डबे रिकामे, गाडी हलकी. ब्रेक दाबत दाबत उतरून येत असतील. त्या खोडीचा त्यांना पत्ताच लागला नाही. मी मात्र दर वेळी ते निघाले की देवाच्या पाया पडून आत यायची आणि जीव मुठीत धरून बसायची, कारण कुणी मरावं असं मला वाटत नव्हतं. गाडी माझी होती आणि त्यात बसणारे माझ्याच घरचे होते.

कार्तिकात सासूबाईंनी काढलं, यंदा आवळीभोजन जंगलात करायचं. आवळ्याच्या झाडाखाली बसून जेवायचं, कार्तिकातला बायकांचा सणच तो. एरवी आम्ही तापीकाठच्या कुणाच्या तरी मळ्यात जात असू. यंदा घरात गाडी होती. धूलकोटच्या पलीकडे डोंगरात एक कुंड आहे, त्याच्या काठी आवळीची जुनी झाडं आहेत, तिथं रात्रभर मुक्काम करू, असं ठरलं. भासऱ्यांनाही आपली कारागिरी दाखवायची होती. मला किती आनंद झाला ते काय सांगू. दोन वर्षं नुसती जाळीतून बघितलेल्या माझ्या गाडीत मी शेवटी बसणार होते.

निघायच्या दिवशी मी सासूबाईंना बाजूला घेतलं. गिअरची खोड सांगितली. गुडघा कसा लावायचा ते करून दाखवलं. म्हटलं, 'एवढं त्यांच्या कानावर घाला. बाकी माझं काही म्हणणं नाही.' सासूबाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. 'काय बोलू राहिली तू? देवाच्या कामाला निघतानी असं अशुभ बोलत असतात का?' मी नवऱ्याकडे गेले. तो म्हणाला, 'दादाला गाडीतलं मी शिकवू? त्याला काय वाटंल?' जावेला म्हटलं. ती भासऱ्यांची बायको, तिनं सांगितलं असतं तर ऐकलंही असतं. ती म्हणाली, 'निघायच्या वेळेला त्यांचं डोकं गरम नको करू बाई.' अशा रीतीनं ती गोष्ट घरातल्या सगळ्यांना कळली, एक गाडी चालवणारा माणूस सोडून.

कुंडाची जागा सुंदर होती. मी भांडायच्या विचारात नसते तर आणखी सुंदर दिसली असती. आवळीची पूजा केली, जेवणं झाली. फाळक्यावर चहा झाला आणि तो किती सोयीचा आहे हे भासऱ्यांनी नवऱ्याला तीनदा सांगितलं. झोपायची वेळ झाली तेव्हा गाडीतल्या खाटांवर दोघे भाऊ, आणि आम्ही बायका-मुलं खाली सतरंजीवर. माझ्या गाडीत माझ्या नवऱ्यानं झोपावं आणि मी तिच्या चाकाला डोकं लावून जमिनीवर पडावं. नवरा वरून म्हणालाही, 'तू ये वर, मी खाली येतो.' पण भासरे तिथं झोपलेले. मी कशी जाणार.

सकाळी सासूबाईंनी सांगितलं की कुंडाचं पाणी पवित्र, घरी न्यायचं. मला वाटलं तांब्या-दोन तांबे. त्यांनी टाकी भरायला लावली. सगळी टाकी. महिनाभर पूजेला पुरेल म्हणाल्या. दोघे भाऊ बादल्या वाहत होते आणि गाडीचं मागचं अंग बसत चाललं होतं. मी टाकीजवळ जाऊन उभी राहिले आणि टाकीला म्हटलं, भिंतीला म्हणतात तसं, 'एवढं पाणी घेऊन हा घाट उतरणार नाही.' भासऱ्यांनी माझ्या शेजारून जाऊन आणखी एक बादली ओतली.

घाट म्हणजे काही मोठा घाट नव्हे. पण लाल मातीचा, दगडगोट्यांचा, बैलगाडीच्या चाकोऱ्यांचा उतार, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खोल नाला. केबिनमध्ये भासरे आणि सासूबाई. मागे हौद्यात मी, नवरा, जाऊ आणि तिची मुलं. केबिनच्या मागच्या पत्र्याला एक लहानशी चौकट असते, काचेची. त्यातली काच लोहारानं कधीच फोडली होती. मी मुद्दाम त्या चौकटीपाशी बसले. पदर ओढलेला होता, पण पदराखालून मला त्यांचा हात आणि गिअरची दांडी दिसत होती.

पहिल्या वळणापर्यंत ते ब्रेकवर उतरले. दुसऱ्या वळणावर ब्रेकचा जळका वास आला. मग पायाखालचा ब्रेक मऊ झाला असावा, कारण ते तो भराभर दाबायला लागले. त्यांनी गाडी दुसऱ्यात टाकली. गाडी दबली. मी त्या दांडीकडे बघत होते. टाकीतलं पाणी मागून रेटत होतं. आणि दांडी आपसूक मधे आली.

गाडी सुटली. जावेनं मुलांना कवटाळलं. नवऱ्यानं माझा दंड धरला. भासऱ्यांनी दांडी पुन्हा रेटली, ती आत जाईना, नुसती करकरली. त्यांची मान मला दिसत होती, ती पांढरी पडली होती. नाल्याचा काठ बाजूनं पळत होता. मी पदर मागे टाकला, चौकटीत तोंड घातलं आणि त्यांच्या कानाशी बोलले.

'हँडब्रेक ओढू नका. क्लच सोडा. रेस द्या. आणखी द्या. आता क्लच, आता दुसरा.'

दांडी आत गेली.

'डावा गुडघा लावा. दांडीला. दाबून धरा. गुडघा काढायचा नाही.'

त्यांनी गुडघा लावला. मी जे जे सांगितलं ते ते त्यांनी केलं, एक शब्द मागेपुढे न करता. इंजन ओरडायला लागलं, गाडी आवरली. 'डोंगराच्या अंगानं घ्या,' मी म्हटलं. घेतली. तसंच बोलत बोलत मी त्यांना खाली नाल्याच्या वाळूपर्यंत आणलं. वाळूत चाकं रुतली आणि गाडी थांबली.

सगळे उतरले. मुलं रडायला लागली तेव्हा सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. सासूबाईंनी कुंडाच्या दिशेला हात जोडले, देवानं वाचवलं म्हणाल्या. जाऊ म्हणाली, देवानंच. भासरे नाल्याकडे तोंड करून उभे होते. माझ्या डोक्यावर पदर नव्हता आणि तो घ्यायचं मला सुचलं नव्हतं. सासूबाई आल्या, तो त्यांनी आपल्या हातानं माझ्या डोक्यावर ओढला आणि हळूच म्हणाल्या, 'तू काही बोललीच नाही. समजलं न? कोणी काही ऐकलं नाही.'

त्यांच्या मनात वाईट नव्हतं. मी रीत मोडली होती, माझी लाज राखली जावी म्हणून त्या तसं म्हणाल्या. हे मला तेव्हाही कळत होतं. पण मग ते सगळ्यांनीच पकडलं. जाऊ म्हणाली, तिला काहीच ऐकू आलं नाही. मी घरी आल्यावर नवऱ्याला विचारलं, 'तुम्ही तर ऐकलंत ना? माझा दंड धरून बसला होतात.' तो सदऱ्याची बटणं काढत होता. म्हणाला, 'गाडीचा आवाज लई होता गं.'

त्या वाक्याचं मला जितकं लागलं तितकं भासऱ्यांच्या कुठल्याच वाक्याचं लागलं नाही. मी माझ्या नवऱ्याचा जीव वाचवला होता. त्याच्या आईचा, भावाचा, पुतण्यांचा. त्याच्या तोंडून मला एवढंच हवं होतं, की हो, तू बोललीस. तेवढंही त्याला जड झालं. मी त्या दिवशी जेवले नाही आणि कुणी का म्हणून विचारलं नाही.

त्या आठवड्यात इंदूरकडचे दोन व्यापारी आले. दुपारची वेळ. भासरे गाडीपुढेच खुर्ची टाकून बसले होते, म्हणजे पाहुण्यांना गाडी नीट दिसावी. सासूबाई देवळात गेलेल्या, नवरा कचेरीत, जाऊ चहा देऊन आत आलेली. मी जाळीपाशी होते. भासरे हिंदीत सांगत होते. घाट, ब्रेक गेलेले, गिअर सुटलेला, आई शेजारी बसलेली. 'फिर मैंने क्या किया,' ते म्हणाले, 'घुटना लगा दिया.' त्यांनी गुडघा दाखवला. पाहुणे म्हणाले, वा. गाडी आपल्याला इंचन्‌इंच माहीत असावी लागते, असंही भासरे म्हणाले.

मी हातातलं पीठ धुतलं. पदर खांद्यावर घेतला, डोक्यावर नाही, आणि ओसरीवर गेले. खुंटीवरची चावी काढली. पायऱ्या उतरून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. पाहुण्यांनी खाली बघितलं. भासऱ्यांनी घसा खाकरला, सवयीनं. मी जागची हलले नाही.

म्हटलं, 'गाडी माझ्या वडिलांची आहे. ती मी घेऊन जातेय. तुम्हाला नको म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा.'

त्यांनी तोंड उघडलं. आणि तसंच राहिलं. नको म्हणायचं तर मला म्हणावं लागणार होतं. मी तर त्यांच्या घरात कधी बोललेलीच नव्हते. जी बोललीच नाही तिला उत्तर कसं द्यायचं? त्यांनी आधी देवघराकडे बघितलं, तिथं सासूबाई नव्हत्या. मग दाराकडे बघितलं, तिथून जाऊ सरकली. पाहुण्यांकडे बघितलं. परक्या पुरुषाला कसं सांगणार, की आमच्या सुनेला म्हणावं? पाहुणे चहाच्या बशीत बघत होते. आणि भिंत त्यांच्या पाठीमागे, गाडीच्याही पलीकडे होती.

मी मागे गेले आणि टाकीचा नळ सोडला. कुंडाचं ते पाणी अंगणभर झालं, पाहुण्यांच्या जोड्यांखालून गेलं, तुळशीपर्यंत पोचलं. म्हणजे पाप काही लागलं नसेल. टाकी रिकामी होईपर्यंत मी तिथंच उभी होते आणि तो सगळा वेळ त्यांना बोलायला मोकळा होता. मग हँडल घेऊन पुढे आले. हँडल मारायचं ते गाडीच्या तोंडाशी, आणि तिथं त्यांची खुर्ची होती. मी हँडल हातात धरून वाट बघितली.

ते उठले. खुर्ची उचलली आणि बाजूला घेऊन गेले.

दुसऱ्या झटक्याला इंजन लागलं. मी गाडी फाटकातून काढली, बाजारातून नेली आणि तहसील कचेरीच्या दारात उभी केली. लोक बघत होते, बघू देत. नवरा बाहेर आला, त्याच्या मागून सगळी कचेरी आली. मी इंजन चालूच ठेवलं होतं. म्हटलं, 'आता ऐकू येतंय का?' त्यानं माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे बघितलं. 'येतंय,' तो म्हणाला, 'त्या दिवशीही आलं होतं.' आणि पुढे, माझ्या शेजारी येऊन बसला. मी त्याला लगेच माफ केलं नाही. पण बसू दिलं.

टाकी मी पुढे घेतली, केबिनला चिकटून, निम्म्या मापाची. टपावरचं भोक बुजवलं. खाटा आणि फाळका तसेच ठेवले, चांगल्याला चांगलं म्हणायला मला कधी त्रास नव्हता. दर थंडीत आम्ही दोघं जायचो, कधी धूलकोटकडे, कधी खकनारच्या जंगलात. पुढे जाऊ यायला लागली, एकदा सासूबाईही आल्या. वरच्या खाटांवर बायका झोपायच्या.

भासऱ्यांना गाडी परत हवी होती. ते म्हातारे होईपर्यंत हवी होती. निरोप यायचे, सासूबाईंबरोबर, जावेबरोबर, पुढे मुलं मोठी झाली तर मुलांबरोबर, 'तिला म्हणावं, गाडी घरची आहे.' मी प्रत्येक निरोपाला एकच उत्तर दिलं, की ज्यांना हवी आहे त्यांनी इथं येऊन मला सांगावं. शेवटच्या आजारात मी त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेत होते तेव्हा ते माझ्या शेजारी केबिनमध्ये होते, दुसरं कुणी नव्हतं, भिंतही नव्हती. मी त्यांना विचारलं, 'काही हवंय का?' त्यांनी समोरच्या रस्त्याकडे बघितलं आणि तोंड मिटून घेतलं.